शाओ त्या रात्री कुठे होता

१

आमच्या संस्थेत दोनशे अकरा माणसं होती आणि दोनशे अकरा पाकिटं. तपकिरी जाड कागदाची, दोरा गुंडाळून बंद करायची. शाळेत मास्तरांनी काय शेरा मारला, बाप कोण होता, कुठल्या सभेत कोण काय बोललं, सगळं त्यात. ज्याचं पाकीट त्याला ते जन्मात दिसत नाही. बदली झाली तर पाकीट आधी पोचतं आणि माणूस मागून. बीजिंगच्या पश्चिम भागात पंपांचे आराखडे काढणाऱ्या या संस्थेत मी एकवीस वर्षं ती पाकिटं सांभाळली आणि एकच गोष्ट शिकले. पाकिटात गेलं ते घडलं. नाही गेलं ते घडलंच नाही.

१९८९च्या ऑक्टोबरात वरून हुकूम आला. जूनच्या त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तुम्ही कुठे होता, काय करत होता, काय ऐकलं, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. खाली एका साक्षीदाराची सही आणि लाल शाईत अंगठा. साक्षीदार घरचा चालणार नाही.

शहराच्या मोठ्या चौकात महिनाभर विद्यार्थी मुलं धरणं धरून बसली होती, त्यांना उठवायला सैन्य पश्चिमेकडून आलं आणि आमच्याच रस्त्यावरून गेलं. रेडिओ म्हणाला, मूठभर लोकांनी दंगल केली, ती मोडून काढली. आमच्या चार नंबर इमारतीतली यच्चयावत माणसं त्या रात्री रस्त्याच्या तोंडाशी उभी होती. आता मात्र सगळे त्या गावचेच नव्हते.

२

कागद यायला लागले. मी वाचत गेले आणि मला हसू आवरेना. एवढी झोपाळू वस्ती अख्ख्या बीजिंगमध्ये नसेल. कुणी आठलाच झोपलं होतं, कुणाचं डोकं दुखत होतं, कुणी कानात कापूस घालून पडलं होतं. गोळ्यांचा आवाज एकालाही आला नव्हता.

पहिला कागद माझ्या समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या थानदादांचा. 'सहा ते सात घरी बुद्धिबळ खेळलो. सोबत शाओ रुइतांग.' साक्षीदार : शाओ रुइतांग.

दुसरा कागद तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा. 'शाओ व्हिनेगर मागायला आला आणि बराच वेळ बोलत बसला.' साक्षीदार : शाओ रुइतांग.

तिसरा, चौथा, सातवा. शाओने कुणाचा पंखा दुरुस्त केला, कुणाच्या मुलीला भूमिती शिकवली, कुणाकडे नुसताच बसला. आठवडाअखेर असे सतरा कागद झाले.

शाओ आमच्याकडे आराखडे काढायचा. वय एक्केचाळीस. कमी बोलणारा, पेन्सिल कानावर ठेवून जेवायला बसणारा. त्या रात्री बाहेर गेला तो परत आला नव्हता.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. घरचा साक्षीदार चालत नाही. शेजाऱ्याला साक्षीदार करावं तर उद्या तो चौकशीत फुटला की दोघंही बुडाले. मग फुटणारच नाही असा माणूस कोण? जो परत येणार नाही तो. हे एकाला सुचलं असेल आणि बाकीच्यांनी त्याचं बघून केलं असेल. लबाडी होती, पण आमच्यात राहून असली लबाडी जमत नसेल तो माणूस फार दिवस टिकत नाही. मी कुणाला नावं ठेवली नाहीत.

फक्त सवयीने मी शाओचं पाकीट काढलं आणि सह्या ताडून पाहिल्या.

सतरा माणसांनी केलेली खोटी सही सतरा तऱ्हांची असायला हवी होती. ती एकाच हाताची होती. नावातली शेवटची रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ, टोकाला थोडी दाबलेली. शाओ तशीच काढायचा. अंगठेही मी भिंगाखाली धरले. शाओचा अंगठा एकदा आराखडे कापायच्या पात्याने कापला होता आणि त्याचा आडवा वण राहिला होता. तो वण सतराही ठशांमध्ये होता. शेवटच्या ठशाची शाई माझ्या बोटाला लागली.

मी हात धुऊन आले आणि खिडकी लावून घेतली. सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या.

३

रोज सकाळी नऊला माझ्या खिडकीशी शाओची बायको यायची. वेई सूजेन. संस्थेच्या पाळणाघरात कामाला होती. खिडकीच्या दांडीला धरून एकच विचारायची, "पेईताई, आली का ओळ?"

तिला एक ओळ हवी होती. 'जूनच्या त्या रात्री, बाहेर, गोळी लागून मृत्यू.' बस. चार इस्पितळं पालथी घातली तरी प्रेत मिळालं नव्हतं. ती ओळ पाकिटात गेली असती तर तिचा नवरा निदान मेला असता. नाहीतर तो फक्त कामावर न येणारा माणूस होता. जून संपताच पगार थांबला होता आणि खोलीही जाणार होती.

"कुणीतरी पाहिलं असेल ना, ताई?" ती म्हणायची. "एवढी माणसं होती. एकाने तरी सांगावं."

"बघू," मी म्हणायचे.

आता लपवून काय मिळणार? मीच पाहिलं होतं. शाओ माझ्या शेजारी उभा होता. रस्त्यात आडव्या लावलेल्या बसच्या आडोशाला आम्ही दोघं होतो. तो म्हणाला, "पेईताई, रबराच्या असतील गोळ्या. आपल्याच लोकांवर खऱ्या कोण झाडेल?" आणि दमल्यासारखा खाली बसला. मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे होते, पण उत्तर नव्हतं. मी लोकांबरोबर पळाले. तो गेलेला होता. याबद्दल मला काडीची शंका नव्हती. शंका असती तर मी थांबले असते.

मी हे सूजेनला सांगितलं नाही. सांगणं म्हणजे मी तिथे होते असं कबूल करणं. नोकरी तर गेलीच असती आणि नोकरी जाणं त्यातल्या त्यात स्वस्त पडलं असतं. माझी लाज मला वाटते. तेव्हाही वाटत होती.

४

संध्याकाळी मी थानदादांचं दार वाजवलं. सहाला पाच मिनिटं कमी होती. म्हाताऱ्याने पट मांडून ठेवला होता. समोरच्या बाजूच्या सोंगट्याही लावल्या होत्या आणि समोर रिकामी खुर्ची होती.

"दादा, साक्षीदार चांगला शोधलात," मी म्हणाले. "पण सही कुणाकडून करून घेतलीत?"

"पेई, पोरी, तू घरी जा."

"अहो, सांगा तरी. मी कुठे बोलणार नाही."

"मी फक्त वरचं लिहिलं होतं." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "सहीची जागा कोरी ठेवली. म्हटलं, रात्री जरा हात वळवून करू. तोवर सहा वाजले आणि तो आला."

"कोण आला?"

"कोण काय विचारतेस? मीच लिहिलं ना, आला म्हणून! मग आला. एक डाव खेळला, सही केली, गेला. मला वाटलं, चला, झालं. तर दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "आयुष्यात मला कधी जिंकू दिलं नाही गं त्याने. आता रोज तोच हरतो."

मी माझ्या खोलीत आले आणि दाराला कडी लावली. म्हातारा घाबरला आहे, मी स्वतःशी म्हणाले. चौकशीच्या भीतीने माणसं भ्रमिष्ट होतात. सत्तर सालाच्या आधीच्या चौकश्यांच्या धामधुमीत मी असे पुष्कळ पाहिले होते. सही त्यानेच कुठल्या तरी जुन्या आराखड्यावरून गिरवली असेल आणि बाकीच्यांनाही करून दिली असेल. अंगठ्याचं मात्र मला काही जुळवता येईना, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

मग जिन्यात पावलं वाजली. चामडी सँडल, टाच थोडी घासत. नोव्हेंबर उजाडला होता आणि सगळे कापूस भरलेले बूट घालून हिंडत होते. समोरचं दार उघडलं आणि लागलं. सातला पुन्हा उघडलं. पावलं एक मजला खाली गेली, तिथलं दार उघडलं आणि लागलं. असं करत करत सबंध इमारत झाली. एरवी त्या वेळेला आमच्या इमारतीत एवढा कल्लोळ असतो की बोललेलं ऐकू येत नाही. कढया, रेडिओ, पोरांना मारलेल्या हाका. त्या दिवशी सगळी इमारत ताटावर मान खाली घालून बसली होती.

माझं सोडलं तर फक्त एका दाराशी पावलं थांबली नाहीत. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून तिसरं. सूजेनचं.

५

दुसऱ्या दिवशी सचिव हाओंनी बोलावलं. संस्थेचा कारभार त्यांच्या मुठीत. गोल चेहरा, बोलणं लोण्यासारखं.

"पेईबाई, शुक्रवारपर्यंत सगळं बंद करून टाका. शाओच्या पाकिटात लिहा, 'विनापरवानगी गैरहजर, ठावठिकाणा नाही.' "

"साहेब, त्याची बायको म्हणते तो वारला."

"बायको म्हणते! सतरा जण म्हणतात तो घरोघर फिरत होता. सह्या ताज्या आहेत. सह्या करतो म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे आणि कामावर येत नाही, म्हणजे पळालाय. यात तुम्हाला अडचण काय?"

"एकाच वेळी तो तीन घरांत होता, साहेब. नऊ वाजता."

"तीन कागद तीन पाकिटांत जातात. ते एकमेकांशी बोलतात का?" ते हसले. "वरच्यांना वाचायचं नसतं, बाई. दोरा नीट गुंडाळलेला दिसला की झालं. आणि तुमचा कागद कुठाय? माझा धरून दोनशे नऊ झाले. तुमचा नाही."

दोनशे अकरातून शाओ गेला आणि मी उरले. बरोबर होतं.

"देते," मी म्हणाले. उठताना माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या कागदावर गेली. तो त्यांचा स्वतःचा होता, अजून माझ्याकडे न आलेला. 'रात्री साडेनऊ. शाओ रुइतांग रजेचा अर्ज घेऊन घरी आला.' अठरावी सही. शेवटची रेघ सरळ, टोकाला दाबलेली.

हाओंनी कागदावर हात ठेवला.

"तो तुमच्याकडे पण येतो, साहेब?" मी विचारलं.

"अर्ज पुढे करतो," हाओ म्हणाले. त्यांच्या आवाजातलं लोणी गेलं होतं. "रोज. मी मंजूर म्हणतो, तरी हात मागे घेत नाही. शुक्रवारपर्यंत बंद करा, बाई. पाया पडतो तुमच्या."

६

त्या आठवड्यात हिवाळ्याचा कोबी आला. ट्रकच्या ट्रक आवारात रिकामे झाले आणि जिन्यापासून गॅलरीपर्यंत लोकांनी कोबीच्या भिंती रचल्या. सूजेन दारात पाट टाकून वरची वाळकी पानं काढत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. आज सांगायचं असं ठरवूनच आले होते. वाक्यही पाठ केलं होतं.

"सूजेन, त्या ओळीबद्दल बोलायचंय."

"राहू द्या ती ओळ, ताई."

"म्हणजे?"

"मला नको आता." तिने मान वर केली नाही. "तो सगळ्यांकडे येतो. तुम्हाला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्याशीच कुणी बोलत नाही. माझ्या दारावरून जातो, ताई. मी दार सताड उघडं ठेवून उभी राहते. त्याला आवडतात म्हणून नूडल्स करते. तो बघतसुद्धा नाही. का, माहीत आहे?"

मला माहीत होतं.

"कुणी लिहिलंच नाही ना! सगळ्यांनी आपापल्या घरी बोलावून घेतला. घरी गेला असं एकानेही लिहिलं नाही. आणि मी लिहून उपयोग नाही, मी घरची." तिने माझा हात धरला. तिची बोटं कोबीने गार झाली होती. "तुमचा कागद राहिलाय म्हणे. तुम्ही लिहा. आठ वाजता घरी गेला, आत गेलेला मी पाहिला. एवढंच. पाया पडते, ताई."

"मग ती ओळ कधीच येणार नाही, सूजेन. तो कायमचा पळालेला ठरेल. खोली जाईल."

"जाऊ दे. जिथे राहीन तिथे येईल."

मी पाठ केलेलं वाक्य गिळलं. तिच्यावर दया आली म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं. खोटं लिहा म्हणून कुणीतरी माझ्या हातापाया पडत होतं. एवढी सोय आयुष्यात पुन्हा होत नाही.

७

गुरुवारी दुपारी मी कागद लिहिला. हात मुळीच कापला नाही.

'साडेसात वाजता शाओ रुइतांग माझा रेडिओ बघायला आला. आठ वाजता, जेवण गार होईल म्हणून उठला. तो दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरात शिरेपर्यंत मी जिन्याच्या कठड्यावरून पाहत होते.' साक्षीदार : आणि पुढे कोरं.

कोरंच ठेवून मी शाईची डबी शेजारी उघडून ठेवली. हे सगळं खोटं असलं तर उद्या मी स्वतः सही गिरवणार होते. इतक्या सह्या पाहिल्यावर तेवढी तर जमलीच असती.

८

साडेसातला पावलं माझ्या दाराशी थांबली.

मी दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. कडी लावलेली होती. ती उघडल्याचा आवाज आला नाही, पण खुर्ची सरकली. मग रेडिओचं बटण फिरायला लागलं, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरखर, खरखर. भिंतीवर दिव्याने माझी सावली पडली होती. खोलीत दुसरी सावली नव्हती. त्याचा मी आधार धरला. सावली नाही म्हणजे कुणी नाही, भ्रम आहे, म्हाताऱ्याचं वेड तुला लागलंय, पेई. मी हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग ताज्या शाईचा वास आला.

अर्धा तास किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी मला राहवलं नाही.

"शाओ," मी भिंतीला म्हणाले, "मला वाटलं तू गेलास."

बटण थांबलं. मग खुर्ची मागे सरकली आणि आठ वाजले.

मला उठायचं नव्हतं. पण मी पाहिलं असं मी लिहिलं होतं. मी कठड्याशी गेले आणि खाली वाकले. कोबीच्या भिंतींमधून एक माणूस उतरत होता. वरून मला फक्त डोकं, खांदे आणि पाठ दिसली. बाह्या नसलेला पांढरा बनियन, पायात उन्हाळी सँडल. थंडीने माझे दात वाजत होते. प्रत्येक पायरीवर तो उजवा हात भिंतीला टेकवत होता. त्याने मान वळवली नाही आणि मी देवाची शपथ घेऊन सांगते, तेवढ्यासाठी मी त्याची आजही ऋणी आहे. दुसऱ्या मजल्यावर त्याने हात वर करायच्या आतच दार उघडलं. सूजेनचा आवाज आला. "किती उशीर केलास."

दार लागलं. कुठल्या तरी घरात कुणीतरी रेडिओ लावला आणि हळूहळू सगळ्या इमारतीत भांडी वाजायला लागली.

माझ्या टेबलावरच्या कागदावर सही होती. सकाळी मी तो पाकिटात घातला आणि दोरा गुंडाळला.

९

शनिवारी सूजेन पुन्हा दारात कोबी घेऊन बसली होती. वेणी घातली होती, गालांवर रंग आला होता. मला पाहून तिने दुसरा पाट पुढे सरकवला.

"बसा ना, ताई. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"जेवला का?" मी विचारलं. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

"जेवत नाही, पण बसतो समोर. आणि बोलतो. तुमच्याकडे बोलत नाही म्हणाला. माझ्याशी बोलतो. कमी बोलणारा माणूस, पण आता सगळं सांगतो." तिने एक पान काढलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं. "बसजवळ तुम्ही शेजारी होतात ना?"

मी तिने घडी केलेलं पान उचललं.

"रागावला नाहीये, ताई. माझीच शपथ. तुम्ही दोनदा हाक मारलीत, म्हणाला. दोन्ही ऐकू आल्या. जीभ उचलत नव्हती, नाहीतर ओ दिली असती. मग तुमचे पाय दिसले, पळताना." तिने कोबी मांडीवर फिरवला आणि ती दुसऱ्या बाजूने सोलायला लागली. "परत येतील असं त्याला वाटत होतं."

"सूजेन," मी म्हणाले, "किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. खाली आवारात कुणीतरी कोबीवरून भांडत होतं. मी त्या रात्री घरी येऊन पाय धुतले होते, दोनदा, साबण लावून, आणि दार लावून अंथरुणात पडून राहिले होते. माझ्या खोलीपासून ती जागा सहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मी नंतर चालून पाहिलं.